त्रिकोणात रेघा

माझी आई उभी होती आणि अख्खं गाव बसलेलं होतं. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मारुतीच्या पारावर खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर गावातली माणसं, आणि खाली धुळीत आम्ही तांड्यावरचे. घरकुलाच्या यादीची ग्रामसभा होती. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आमचे कागद परभणीला जायचे. तिकडून काय परत यायचं ते आम्हाला असं खाली बसूनच कळायचं.

यादी वाचून झाली. तांड्यातलं एकही नाव आलं नाही. आमच्या तांड्याच्या नायकानं खाली मान घातली. बाकीचे पुरुष उठून धोतर झटकायला लागले. याडी मात्र निघण्यासाठी उठली नव्हती. ती पाराच्या पायरीपर्यंत गेली आणि म्हणाली, "गुरुजी, आमचं काहून न्हाई?"

गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे शिक्षक. सरपंचाचे सख्खे भाऊ. ग्रामसेवक नवीन होता, आणि गावच्या घरांची यादी मागच्या शिरगणतीत गुरुजींनीच केलेली, म्हणून वही त्यांच्या मांडीवर होती. मी आठवीत होते. त्यांच्याच वर्गात. दप्तर काखेत धरून मी याडीच्या मागं उभी राहिले, कारण तिला एकटीला तिथं सोडायची मला भीती वाटत होती, आणि सोबत उभं राहायचीही.

गुरुजींनी वहीवर बोट ठेवलं. तांड्यात राहतं घर एकही नाही, असं म्हणाले. मग बोट खाली सरकवत वाचलं. गोठा. गोठा. गोठा. जनावराचा गोठा. घरकुल माणसाला मिळतं, गोठ्याला नाही.

याडी म्हणाली, "तुमीच तं भिंतीवर नंबर टाकला व्हता."

"मग कुठंय तो? दाखव."

"लिपनात गेला."

लोक हसायला लागले. गुरुजी लगेच हसले नाहीत. ते सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबले आणि वर्गात शांतपणे सांगावं तसं बोलले. "शेणानं नंबर पुसला ना? मंग आता शेणातच ऱ्हाय."

नंतर त्यांची नजर माझ्यावर आली. ग्रामसेवकाला दाखवत म्हणाले, "ही त्याच गोठ्यातली कालवड. आमच्या शाळेत येते. बरी शिकून राहिली."

ते कौतुक होतं. खरंच, त्यांच्या मते कौतुकच होतं. मी हसले. तो चेहरा मला अजून आठवतो, माझा स्वतःचा, मी तो पाहिलेला नसताना. चौदा वर्षांची मुलगी, आईला शेणात राहा म्हणणाऱ्या माणसाकडं बघून हसतेय. भीतीनं माणूस रडतो असं सांगतात. मी तर हसले. त्यानंतर ती शाळा सुटेपर्यंत पोरं मला कालवड म्हणत राहिली आणि मी हाकेला ओ देत राहिले.

नंबर कसा गेला ते सांगते.

त्याच्या चार-पाच वर्षं आधी गुरुजी तांड्यावर आले होते. सोबत एक साहेब होते. तांडा गावापासून दूर, माळावर, गायरानात. वर गवत, खाली कूड, कुडाला माती. कुठं पत्रा असला तर त्या घराचं नाव पत्र्याचं घर. गुरुजींनी प्रत्येक दाराशेजारी गेरूनं एक आकडा काढला. आम्ही लेकरं मागं मागं फिरत होतो. आमच्या घरावर त्रेचाळीस आला. मला तो आकडा फार आवडला. मी दिवसभर त्याच्यावरून बोट फिरवलं, बोट तांबडं झालं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी एकटेच आले. तांड्यात शिरले नाहीत, कडेच्या लिंबाखाली नायकाला बोलावून घेतलं. नायक परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. गुरुजींनी जिवाभावाचं म्हणून सांगितलं होतं, की हे नंबर गायरानातली घरं पाडायला टाकले आहेत. ट्रॅक्टर येईल. ज्या भिंतीवर नंबर दिसेल ती भिंत जाईल. आणि म्हणाले होते, मी सांगितलं असं कुठं बोलू नका, माझी नोकरी जाईल.

हे ऐकून तांड्याला नवल वाटलं नाही. आमच्या आजाच्या काळी कोणी नाव लिहून घ्यायला आला की मागून शिपाई यायचा. हजेरी घ्यायचा, रात्री कोण कुठं होता ते विचारायचा. बैलांवर मीठ-धान्य वाहणारी आमची माणसं, आगगाडी आल्यावर त्यांची आधी वाट बंद झाली आणि मग वाटेवर दिसले म्हणून पकडायला लागले. तेव्हापासून आमच्यात एक शहाणपण आहे. लिहून घेणाऱ्याला कमी सांगायचं. लेकरं पाच असली तर चार. बैल चार असले तर तीन. मोजलं की घटतं, असं म्हाताऱ्या म्हणतात.

म्हणून त्याच दुपारी बायांनी शेण कालवलं. पांढरी माती कालवली. सण नाही, लगीन नाही, तरी अख्खा तांडा लिपून निघाला. याडीनं आमचा त्रेचाळीस स्वतःच्या तळहातानं झाकला. मी रडले तर म्हणाली, घर ऱ्हाईल, आकडा काय करायचा. आणि संध्याकाळी नायकानं गुरुजींच्या घरी तुपाची लोटी पाठवली. उपकार केले होते त्यांनी.

ग्रामसभेत याडीला हे सगळं बोलता आलं असतं. तुम्हीच सांगितलं म्हणून पुसलं. पण बोलली असती तर सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं झालं असतं, की आम्ही गायरानात बसलोय आणि पाडतील म्हणून भिऊन सरकारी नंबर पुसलाय. वर ज्यानं जिवाभावाचं सांगितलं त्याची नोकरी गेली असती. घरी येताना वाटेत याडी एवढंच बोलली, की गुरुजींना लोकांसमोर तसं बोलावं लागलं असेल.

मी शिकले. कसं शिकले ते सांगत बसत नाही. याडी आणि बापू, म्हणजे माझा बाप, दसरा झाला की ऊस तोडायला जायचे, आठवीनंतर मी आश्रमशाळेत राहायचे, सुट्टीला जायला जागा नसायची कारण तांड्यात कुलूपच असायचं. डी.एड. झाले. हिंगोली जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी शिक्षणसेवक म्हणून लागले. आणि नशीब बघा, लागले ती गुरुजींच्याच शाळेत. आता ते मुख्याध्यापक होते. तीन वर्षं मानधन, दर महिन्याला त्यांची सही, शेवटी त्यांचा शेरा. शेरा वाईट आला की घरी. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, पाहिलं, गोठ्यातून कुठं आणलं तुला.

मी पुन्हा हसले.

त्याच उन्हाळ्यात शिरगणतीची घरयादी आली. शिक्षकांना प्रगणक नेमलं, गुरुजी आमचे पर्यवेक्षक. तांड्याचा गट मला दिला, कारण बाकी कोणालाच तेवढं चालायचं नव्हतं. प्रशिक्षण झालं. तिथं नकाशा काढायला शिकवलं. पक्कं घर असेल तर चौकोन. कच्चं असेल तर त्रिकोण. माणूस राहत असेल तर आकृती रिकामी ठेवायची. राहत नसेल, म्हणजे दुकान, गोदाम, गोठा, तर आत तिरप्या रेघा मारायच्या. इतकं सोपं. मला गंमत वाटली. एवढ्या मोठ्या देशातली सगळी माणसं रिकाम्या चौकोनात नाहीतर रिकाम्या त्रिकोणात राहतात. रेघ मारली की त्यातला माणूस गेला.

मी गेरूचा डबा, कुंचला, कागदाची पिशवी घेऊन माळावर गेले. ऊन असं की चपलेखालची जमीन भाजत होती. ऊसवाले परत आलेले होते, तांडा भरलेला होता. पहिल्याच घराशी बाई दारात आडवी झाली. नंबर नको. दुसऱ्या घरी तेच. मी म्हणाले, अगं मी आहे, तुमची. ती म्हणाली, तू हायेस म्हणून तं डबा फेकून न्हाई दिला.

मी आमच्या घरी गेले. वाटलं, याडी तरी ऐकेल. मी भिंतीवर आकडा काढला. याडी शांतपणे बाहेर आली, ओल्या हातानं तो पुसला आणि आत गेली. मी परत काढला. तिनं परत पुसला. तिसऱ्यांदा मी तिचा हात धरला. आईचा हात मी असा कधी धरला नव्हता.

"पाडतील ना गं," ती म्हणाली. "तुझ्या हातानं पाडतील."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती मला भीत होती. माझ्या पिशवीला, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राला. आणि मला ठामपणे सांगता येईना, की पाडणार नाहीत. प्रशिक्षणात कोणी म्हणालं नव्हतं पाडतील म्हणून. पण नाही म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं. गायरान तर गायरानच होतं. ट्रॅक्टर खरंच आला तर? माझ्या आकड्याच्या मागं मागं आला तर? मी डबा झाकला आणि तशीच परत फिरले.

शाळेत गुरुजी ऑफिसात एकटेच होते. मी सांगितलं, बाया नंबर टाकू देत नाहीत. मला वाटलं रागावतील. ते खुर्चीत मागं रेलले आणि हसायला लागले. मनापासून. इतकी वर्षं झाली तरी भितात का अजून, म्हणाले.

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं. लपवून नाही, कबुली म्हणून नाही. जुन्या आठवणी सांगतात तसं, चहा पीत. पहिल्या दिवशी साहेब सोबत होते म्हणून नंबर टाकावे लागले. पण एकदा राहतं घर लिहिलं की पुढं माघात परत जाऊन एकेक माणूस मोजावा लागतो. तेवढं चालायचं कोणी? त्यातून सरपंच म्हणत होते, तांड्यात एवढी डोकी दिसली तर उद्या वेगळी ग्रामपंचायत मागतील, गायरान तर हातचं जाईलच. म्हणून त्यांनी नायकाला एकच गोष्ट सांगितली. ट्रॅक्टर.

"पुसायला मला कुंचला बी नाही लागला. बायांनी स्वतःच्या हातानं पुसलं. आणि वर तूप आलं."

मी उभी होते. गुरुजींनी मला बस म्हटलं नव्हतं. कुंपणानं शेत खावं तसं झालं होतं, आणि कुंपण ते मजेनं सांगत होतं. मला एवढंच सुचत होतं, की ह्या माणसानं हे मला सांगितलं, कारण मी काही करणार नाही याची त्याला खात्री आहे. त्याला माझी अजिबात भीती वाटत नव्हती.

गुरुजींनी मग काम सांगितलं. बाया अडवत असतील तर चांगलंच आहे. नकाशा इथंच बसून काढ. त्रिकोण काढ, आत रेघा मार. गोठा. मागच्या वेळी तेच आहे, त्याला धरून होईल. खाली सही कर. माझी सही मी करतो. आणि बोलता बोलता माझी हजेरीची वही पुढं ओढून त्यांनी त्या महिन्याची सही केली, माझ्यासमोर, सावकाश.

मी बसले आणि रेघा मारल्या.

हे मला लिहायचंच आहे. गुरुजींनी तांड्याचं जे केलं ते मी जगाला सांगेन आणि स्वतःचं झाकेन, असं होणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला कोणी मारलं नव्हतं. दार उघडं होतं. मी पट्टी घेतली, एकेक त्रिकोण काढला आणि त्यात तिरप्या रेघा मारल्या. पहिला त्रिकोण आमच्या घराचा मारला. मनात म्हटलं, आपलं आधी मारलं की दुसऱ्याचं मारताना हात अडणार नाही. तसंच झालं. हात अडला नाही. शेवटी शेवटी तर मी भराभर मारत होते. सही तेवढी केली नाही, कारण पेनातली शाई संपली. उद्या करते म्हणाले आणि कागद तिथंच ठेवून निघाले. ती शाई संपली हे माझं शहाणपण नव्हतं.

घरी गेले. याडीनं भाकरी थापली, वर लाल मिरचीचा ठेचा. मी खाऊ शकले नाही. तिनं विचारलं, अजून रागात हायेस का. तेव्हा मी सांगितलं. ट्रॅक्टर खोटा होता. नंबर घर पाडत नाहीत. नंबर टाकला की घर कागदावर येतं, आणि कागदावर येऊ नये म्हणून गुरुजींनी तुम्हाला भिववलं.

याडी तव्यासमोर बसली होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटेना. बापू उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी याडी म्हणाली, "म्हंजे म्या माझ्याच हातानं."

मी पहिल्यांदा पाहिलं, की माझ्या आईला लाज वाटली. शेणात राहा म्हटलं तेव्हाही तिला अशी लाज वाटली नव्हती. तेव्हा ती कोणाची तरी नोकरी वाचवत होती. आता तिला कळलं होतं की ती कोणाचं काय वाचवत होती.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू आज काय लिवलं?"

मी ताट बाजूला सरकवलं.

"काय लिवलं गं?"

"गोठा," मी म्हणाले.

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी खरोखर माहीत करून घ्यायचंय अशा आवाजात म्हणाली, "आमी तं अडाणी. ट्रॅक्टर येईल म्हणून भ्यालो. तुला तं ठाव व्हतं की ट्रॅक्टर न्हाई. तू कोनाला भ्याली?"

शेऱ्याला भ्याले. सहीला भ्याले. मानधनाला भ्याले. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही मला तिच्यासमोर मोठ्यानं म्हणता येईना. मी लहानपणापासून एका माणसाच्या हसण्याला हसत आले होते. भीती माझ्या चेहऱ्याला इतकी सवयीची झाली होती, की ती भीती आहे हे मी विसरले होते. याडीनं विचारलं तेव्हा आठवलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले नाही. तशी गोष्ट नाही ही. मी बाहेर जाऊन ओकले.

दिवस उगवायच्या आत याडीनं नायकाला उठवलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण मी डबा घेऊन बाहेर आले तेव्हा बाया आपापल्या दारात उभ्या होत्या. कोणी आडवी झाली नाही. मी आकडा काढायचे, त्या बघायच्या. नावं विचारली. इथं मात्र अडलं. प्रत्येक दारात एकेक लेकरू कमी सांगत होत्या. सवय. मी वाट बघत उभी राहायचे. मग ती बाई इकडंतिकडं बघून हळूच म्हणायची, अजून एक हाये. चोरीचा माल दाखवावा तसं पोटचं लेकरू दाखवायच्या. एका म्हातारीनं तर स्वतःलाच धरलं नव्हतं. मी म्हणाले, आजी तुम्ही? ती म्हणाली, मला काहून लिवतं बाई, म्या आता किती दिवस. मी तिचं नाव लिहिलं.

दुपारपर्यंत नवा कागद झाला. सगळे त्रिकोण रिकामे. दोन पत्र्याची घरं होती, त्यांच्या भिंतीही मातीच्या, म्हणून तेही त्रिकोण. खरेखुरे गोठे होते त्यांना रेघा मारल्या, कारण खोटं मला दुसऱ्या बाजूनंही लिहायचं नव्हतं. खाली सही केली.

शाळेत त्या वेळी तिघं-चौघं शिक्षक आपापल्या याद्या घेऊन आले होते. मी मुद्दाम तीच वेळ धरली असं म्हणायला मला आवडेल. पण खरं म्हणजे गुरुजींसमोर एकटं जायची माझी छाती नव्हती. मी कागद टेबलावर ठेवला. मी टेबलाची कड धरली.

गुरुजींनी कागद पाहिला. कालचा कागद खणातून काढला, त्याच्यावर ठेवला. म्हणाले, हा बरोबर आहे. याच्यावर सही कर.

मी म्हणाले, नाही.

आवाज इतका बारीक आला की त्यांनी "काय?" विचारलं. ते मला पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड होतं.

सगळे बघायला लागले. गुरुजी आवाज न चढवता बोलले, की तांड्यात राहतं घर नाही, हे सरकारी दप्तरात आधीपासून आहे. शिकलेली आहेस. दप्तराच्या बाहेर जाऊ नकोस. शेऱ्याचा विचार कर.

तेव्हा मी बोलले. मोठं काही नाही. ठरवून आलेलं तर सगळं विसरले होते. "गुरुजी, ह्या गोठ्यात मी जन्मले. गोठ्यात काय जन्मतं? मग तुमी शिरगणतीला जनावर काहून नेमलं?"

कोणी हसलं नाही. एक शिक्षक कागद चाळायला लागले. गुरुजींचा चेहरा लाल झाला, आणि मला दिसलं की त्यांच्याकडं उत्तर नाही. पण ते बघून मला धीर आला असं नाही. मी आणखीच घाबरले. उत्तर नसलेला माणूस काय करील ते सांगता येत नाही. मी हात पुढं केला, रेघांचा कागद उचलला, त्याच्या दोन चिंध्या केल्या, त्या पिशवीत टाकल्या. नवा कागद तिथंच ठेवला आणि म्हणाले, याच्यावर माझी सही आहे. तुमची नसेल करायची तर तसं लिहून द्या, मी तो कागद घेऊन तालुक्याला, सेनगावला जाते. त्यांनी लिहून दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सही केली. कुंचल्यानं केल्यासारखी वाकडी.

पुढं चांगलं झालं, असं सांगायला माझ्याकडं फार काही नाही. माघात मी परत गेले, कोण उसावर होतं, कोण तांड्यात होतं, जेवढी माणसं मला सापडली तेवढी मोजली. गुरुजींनी तीन वर्षं मला जे करता येईल ते केलं. शेरा असा लिहिला की नोकरी जाता जाता राहिली. मग मी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूला दुसऱ्या शाळेवर गेले. घरकुलं येत राहिली, गावात चौकोन वाढत गेले. तांड्यात पाच घरं मिळाली, त्यांतली दोन अर्धी राहिली. याडीला मिळालं नाही. ती त्याच कुडाच्या घरात वारली, वर गवतच होतं. कोणी म्हणतं, निदान कागदावर तरी आली. मला ते समाधान नको. ती पावसाळ्यात रात्रभर गळतीखाली भांडी सरकवत बसायची. कागदानं तिच्या डोक्यावर पत्रा घातला नाही.

बदलीनंतर दोन-तीन वर्षांनी दारिद्र्यरेषेची यादी आली. सुट्टी होती, मी तांड्यात होते. एक तरुण माणूस मोटारसायकलवर कागद घेऊन आला आणि लिंबाखाली बसून अंगठे घ्यायला लागला. रांग लागली. मी विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, बाई, सगळं वर ठरलेलं आहे, नुसते अंगठे पाहिजेत. मी म्हणाले, आधी वाचा. तो म्हणाला, तुमची शाळा तर दुसऱ्या गावात आहे, तुमचा काय संबंध? त्यानं माझं नाव लिहून घेतलं.

मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि उभ्यानंच मोठ्यानं वाचायला लागले. घर, नाव, लेकरं किती, बैल किती. चुकलेलं असेल तिथं थांबून त्याला दुरुस्त करायला लावलं. दुपार गेली. तो दोनदा उठला, रांगेतल्या बायांनी त्याची गाडी हलू दिली नाही.

मला आजही भीती वाटते. नोकरीची वाटते, शेऱ्याची वाटते, कोण कधी काय करील त्याची वाटते. ती जायची मी आता वाट बघत नाही. पण मी एकदा माझ्याच हातानं माझ्या माणसांवर रेघा मारल्या आहेत, त्या कशा मारल्या जातात ते मला नीट माहीत आहे. म्हणून सांगते. मी जिवंत आहे तोवर ह्या तांड्यातला एकही अंगठा न वाचलेल्या कागदावर उमटणार नाही. ज्याला माझं नाव लिहून घ्यायचं आहे त्यानं घ्यावं. पूर्ण घ्यावं आणि बरोबर लिहावं.